दहा का वीस

वीज गेली आणि फ्रिज थांबला. झालं एवढंच. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, मी आतल्या खोलीत पलंगावर बसून उशीच्या अभ्र्याला हाताने टीप घालत होते, कारण शिलाई मशीनचा पट्टा तुटून पडलाय तो पडलाच आहे. आमचा फ्रिज थांबताना एक आचका देतो आणि मग कळतं, की इतका वेळ हा गुणगुणत होता. चालू असतो तेव्हा त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. गप्प झाला की मात्र घर वेगळंच वाटायला लागतं. तर तो गप्प झाला, आणि पलंगाच्या उशाशी असलेल्या भिंतीतून मला कोणाचा तरी श्वास ऐकू आला. सावकाश, जरा अडखळत, आत आणि बाहेर. मी सुई तशीच कापडात टोचून ठेवली आणि स्वतःचा श्वास धरला. माझा थांबला, पण तो थांबला नाही. मग अगदी हलकी कुजबुज आली, शब्द नसलेली, नुसती वर-खाली होणारी. मानेवरचे केस उभे राहणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मी ते नुसतंच बोलण्यात वापरत होते. तेवढ्यात वीज आली, फ्रिजने पुन्हा सुरुवात केली, आणि भिंत भिंतीसारखी झाली.

माझा धंदाच आवाजाचा, त्यामुळे मी लगेच किंचाळत सुटले असं झालं नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले. होता. श्वास होता. पहिला विचार साहजिकच यांचा आला, कारण याच पलंगावर हे गेले. पण यांचा आवाज मी ओळखते. हे भूत होऊन आले तरी घोरतील, इतका मोजूनमापून श्वास त्यांनी आयुष्यात कधी घेतला नाही. मग शेजाऱ्यांचा विचार केला. त्या भिंतीपलीकडचं घर आमच्या इमारतीतलंच, पण त्याचा जिना वेगळा, दार मागच्या गल्लीत. तिकडे कोण राहतं, कोण गेलं, आम्हा पुढच्या जिन्यावाल्यांना कधी कळत नाही. मी खाली जाऊन मागच्या गल्लीत उभी राहिले आणि वर पाहिलं. खिडक्या बंद, आणि गॅलरीच्या कठड्याला ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, “रिकामंच आहे की ताई. पाटी दिसत नाही का?” पाटी दिसत होती. मी वर आले, फ्रिज बंद केला, पलंगावर बसले, आणि रिकाम्या घराचा श्वास ऐकत राहिले. त्या दिवशी दूध नासलं. पुढेही बरेच दिवस नासत राहिलं, कारण घरी आल्याबरोबर फ्रिज बंद करून त्या भिंतीला टेकून बसायची मला सवयच लागली.

भीती भुताची नव्हती. भुतं परवडली. भीती वाटत होती ती आईची, म्हणजे आईसारखं होण्याची. आईलासुद्धा भिंतीतूनच ऐकू यायचं. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते, दादा कॉलेजात. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक बंद गोदाम होतं, त्याच्या दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. एक दिवस आई पोळपाट-लाटणं तसंच टाकून त्या भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, “पलीकडे कोणीतरी रडतंय गं.” आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मग बाबांनी भिंतीवर मुठीने ठोकून दाखवलं. “बघ, भरीव आहे. पलीकडे पोती आहेत. पोती रडतात का?” आई म्हणाली, “पोती नाहीत रडत. बाई रडतेय.” बाबा वाईट नव्हते. त्यांनी एक उपाय काढला, आणि तो त्यांच्या परीने प्रेमाचाच होता: मधल्या खोलीत मोठा रेडिओ आणून ठेवला आणि तो दिवसभर चालू ठेवायचा असा नियम केला. बातम्या, शेतीसल्ला, परक्या भाषेतली भाषणं, काहीही, पण आवाज हवा. आई त्या रेडिओसमोर बसायची, हात मांडीवर, आणि डोळे भिंतीकडे. आता मला कळतं त्यात काय झालं ते. रेडिओ चालू असताना पलीकडे कोणी रडत असलं काय आणि नसलं काय, ते ऐकू येणं कुणालाच शक्य नव्हतं. तो उपाय रोगावर नव्हताच, तो पुराव्यावर होता. आणि मी दाराबाहेर बसून अभ्यास करायचे, रेडिओच्या वर आवाज काढून, लॉगचे आकडे पाठ करत: दोनचा तीन शून्य एक शून्य, तीनचा चार सात सात एक, पाचचा सहा नऊ नऊ शून्य, सातचा आठ चार पाच एक. आमचे मास्तर सांगायचे, एवढे चार पाठ करा, बाकीचे सगळे यांच्यातून निघतात. मला ते फार आवडायचं, की गुणाकारासारखी अवघड गोष्ट या आकड्यांत शिरली की साधी बेरीज होते. घरातलं काहीच तेव्हा साध्या बेरजेत बसत नव्हतं. पुढे मामा येऊन आईला घेऊन गेले, चार दिवस हवापालट म्हणून. ती परत आली नाही. तिकडेच गेली. शेवटी शेवटी, मामी सांगायची, ती कुठल्याही भिंतीला कान लावून बसायची आणि म्हणायची, इथे नाही ऐकू येत, मला घरी न्या, ती एकटी आहे.

तर मी आवाजाच्या धंद्यात पडले. लोक विचारतात, बाईमाणूस आणि अ‍ॅम्प्लिफायर तपासायला कशी गेलीस, तर मी सांगते, स्वयंपाक येत नव्हता म्हणून. आमच्या कारखान्यात अ‍ॅम्प्लिफायर बनतात, मोठ्या सभागृहांचे, आणि डॉक्टरांच्या यंत्रांत बसणारे चिमुकलेही. माझं टेबल तपासणीचं. एका बाजूने बारीकसा आवाज आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने मोठा होऊन आलेला मोजायचा, आणि तो किती पटीने वाढला ते काढायचं. या वाढीला आम्ही गेन म्हणतो आणि ती पटीत न सांगता डेसिबलमध्ये सांगतो, कारण आपला कानही तसाच ऐकतो. आवाजाची ताकद दुप्पट झाली तर कानाला वाटतं जरासाच वाढला. दहापट झाली तेव्हा कुठे कान म्हणतो, हं, आता मोठा झाला. म्हणून लॉग घ्यायचा. ताकद दुप्पट, तर तीन डेसिबल. दहापट, तर दहा. एकामागे एक असे दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडले तर त्यांच्या पटींचा गुणाकार करत बसायला नको, डेसिबलची नुसती बेरीज केली की झालं. नव्या लोकांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो, आणि मग ते पहिली चूक करतात. ती सगळे करतात. लॉग घेतल्यावर त्याला कशाने गुणायचं, दहाने का वीसने? ताकद मोजली असेल, म्हणजे वॅट, तर दहाने. पण आपल्या मीटरवर बहुतेक वेळा दिसतात ते व्होल्ट, आणि ताकद असते व्होल्टच्या वर्गाइतकी. वर्ग म्हणजे लॉगच्या घरात दुप्पट. म्हणून व्होल्ट असले की वीस. आमच्या विभागाचे मुख्य या चुकीवर टपून बसलेले असतात. जाता येता पाठीमागून विचारतात, “दहा का वीस?” त्यामुळे त्यांचं नावच दहावीस पडलंय, आणि ते त्यांना माहीत आहे, आणि ते त्यावर खूश आहेत. मला ते विचारत नाहीत. माझी इतक्या वर्षांत ती चूक कधी झाली नाही.

श्वासाबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलं ते दादाला, कारण आईचं सगळं बघितलेलं असं या जगात आता तोच एक उरलाय. फोनवर आधी इकडचं तिकडचं झालं, त्याचे गुडघे, वहिनीचं डोळ्याचं ऑपरेशन. मग मी हसत हसत म्हणाले, “दादा, मला हल्ली आमच्या भिंतीतून कोणाचा तरी श्वास ऐकू येतो बरं का.” तिकडे एकदम शांतता. फोनमध्ये शांतता झाली की तारेची सळसळ ऐकू येते, तेवढी फक्त येत राहिली. मला वाटलं तो हसेल. त्याने हसावं म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले. शेवटी तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसा, “एकटीच राहतेस ना. असं कर, घरी आलीस की रेडिओ लावून बसत जा.” मी म्हणाले, हो, लावेन. फोन ठेवला. तो वाईट नाही. बाबाही वाईट नव्हते. आमच्या घराला हा एकच उपाय येतो.

मग मी ठरवलं की मोजायचं. आईकडे यंत्र नव्हतं, माझ्याकडे आहे. श्वास भिंतीत असेल तर मीटरची सुई हलेल. फक्त माझ्या कानात असेल तर सुईला त्याचं काय सोयरसुतक? कारखान्यातून एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणला, रंग उडाला म्हणून बाजूला काढलेला, आतून ठणठणीत. घरी आधी त्याचा गेन पडताळून पाहिला: एक मिलिव्होल्ट आत, एक व्होल्ट बाहेर. हजारपट. हजारचा लॉग तीन, वीसने गुणून साठ डेसिबल. हे मी मोठ्याने म्हणाले असेन. काम करताना मी पुटपुटते, टेबलावरचे लोक चिडवतात मला त्यावरून. पण हजारपट वाढवण्यात एक मेख असते. इतकं वाढवलं की शांतताही बोलायला लागते. यंत्राची स्वतःची सळसळ, रस्त्यावरची घरघर, पाइपातलं पाणी, सगळंच वर येतं, म्हणून सुई हलली याला काही अर्थ नसतो. दोन ठिकाणी किती फरकाने हलली ते बघायचं. मी फ्रिज बंद केला. छोटा माइक मेणाने आतल्या भिंतीला चिकटवला, कपाटाकडच्या, जिच्या पलीकडे माझंच स्वयंपाकघर आहे. सुई दहाव्या रेघेवर टेकली. मग तोच माइक उशाशी असलेल्या त्या भिंतीला चिकटवला. हात असा लागत होता जणू ती भिंत दुखरी आहे. सुई वर चढली, डुगडुगली, आणि चौदाव्या रेघेवर स्थिरावली. म्हणजे एक दशांश चार पट. एक दशांश चारचा लॉग पाठ नसतो कुणाला, पण दोन आणि सातातून निघतो, दोन साते चौदा. दोनचा तीन शून्य एक शून्य. सातचा आठ चार पाच एक. बेरीज, त्यातून दहाचा एक वजा. उरले दशांश एक चार सहा. दहाने गुणलं. दीडही नाही, जेमतेम दीड डेसिबल. आमच्या टेबलावर दोनपर्यंतचा फरक आम्ही फरक धरत नाही. माइक जरा इकडे तिकडे चिकटला तरी तेवढा येतो. म्हणजे त्या भिंतीत काही नव्हतं. मी वायर गुंडाळली, माइकवरचं मेण नखाने खरवडून काढलं, आणि तिथेच बसून राहिले. श्वास चालूच होता. अगदी उशाशी, आत आणि बाहेर. मला तो इतका स्पष्ट ऐकू येत होता आणि यंत्राच्या मते तो नव्हता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. कामावर गेले, चुका केल्या नाहीत, येताना भाजी घेतली. पण आतून मी निरोप घेत होते. कपाट आवरलं, कागद एका जागी ठेवले, उद्या मला हवापालटाला नेलं तर कुणाची धावपळ नको. आरशात पाहिलं की मला माझ्या तोंडावर आईचे डोळे दिसायचे, भिंतीकडे लागलेले. तिला काय वाटत असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता असं नाही, पण तो बाहेर उभं राहून केलेला विचार होता. आता मी तिच्या जागी बसून पाहत होते, रेडिओच्या समोर. एकदा खरंच रेडिओ लावला. दादाने सांगितलं म्हणून. कुणीतरी कापूस लागवडीबद्दल सांगत होतं. पाच मिनिटंही झाली नसतील, मला गुदमरायला लागलं, कारण त्या आवाजाखाली श्वास चालू आहे हे मला माहीत होतं आणि आता तो ऐकूही येत नव्हता. कोणाला तरी उशीखाली दाबून धरल्यासारखं वाटलं. मी रेडिओ बंद केला, भिंतीला गाल लावला आणि म्हणाले, “आहेस ना?” पलीकडून श्वास एकदम थांबला. मग एक लांब, सुटलेला उसासा. आणि मी, तपासणी विभागातली बाई, आयुष्यभर मोजलं त्यावरच विश्वास ठेवलेली, एका नसलेल्या आवाजाला म्हणाले, “बरं झालं.” भीतीपेक्षा वाईट गोष्ट अशी, की मला त्याची सोबत वाटायला लागली होती. घरी यायची ओढ वाटायची. जिना चढताना पाय भरभर पडायचे. मग मी पलंगावर बसून जुने आकडे म्हणायचे, हळूहळू, एकेक करून, आणि श्वास ऐकत राहायचा.

चहाच्या सुट्टीत मी यंत्रापाशी उभी होते, कप भरून वाहायला लागला तरी नळ चालूच. मागून दहावीस आले. त्यांनी माझ्या हातून कप घेतला, नळ बंद केला. माणूस खवचट आहे, पण माझं काहीतरी बिनसलंय हे त्यांना दिसत असणार. मायेचं बोलणं त्यांच्या तोंडाला बसत नाही. म्हणून साखरेचा डबा पुढे करून जे नेहमी येतं तेच म्हणाले, “काय बाई, दहा का वीस?” मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दहा का वीस. सुई व्होल्ट दाखवत होती. दहाव्या रेघेवरून चौदाव्या रेघेवर व्होल्ट गेले होते, वॅट नाही. त्याच दुपारी, त्याच पलंगावर, गेन काढताना मी वीसने गुणलं होतं, बरोबर, झोपेतही चुकले नसते; आणि दहा मिनिटांनी भिंतीच्या वेळेला दहाने. जेमतेम दीड नव्हते ते. तीन होते. तीन म्हणजे दुप्पट. म्हणजे कपाटाकडच्या भिंतीवर जितका आवाज होता तितकाच आणखी एक, वेगळा, त्या भिंतीतून येत होता. “बाई?” दहावीस म्हणाले. “काय झालं?” मी म्हणाले, “वीस हो. वीसच.” आणि त्यांच्यासमोर, चहाच्या यंत्राला धरून, मी रडले. त्यांनी बिचाऱ्यांनी साखरेचा डबा घट्ट धरून ठेवला.

घरी जाताना मी स्वतःला विचारत होते, ही चूक मी केलीच कशी? आणि उत्तर मला ठाऊक होतं. मी मोजायला बसले तेव्हाच निकाल लागलेला होता. मला माहीतच होतं की मी आईची मुलगी आहे. आकड्यांनी फक्त मान डोलवायची होती, आणि आकडे तसे गरीब असतात, ज्याच्या हातात पडतात त्याच्या मनासारखं वागतात. आईच्या वेळीही असंच झालं. बाबांनी भिंत ठोकली ती पलीकडे कोणी आहे का ते बघायला नव्हे, नाही हे दाखवायला. तिचं दुःख जेवढं होतं त्याला सगळ्यांनी दहानेच गुणलं, आणि उत्तर आलं ते माफ करण्याइतकं लहान होतं.

मी घरी गेलेच नाही. पुढच्या जिन्याने न चढता मागच्या गल्लीत गेले. पाटी अजून होती. रखवालदाराला काही न विचारता मी त्या जिन्याने वर चढले आणि ज्या घराची भिंत माझी भिंत होती त्याच्या दारावरची घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला. मग एक तरुण बाई, कमरेला ओढणी बांधलेली, चेहरा जागरणाने उतरलेला. तिच्यामागे दोरीने बांधलेली खोकी रचून ठेवलेली. “आम्ही आलोय महिना झाला,” ती म्हणाली, मी विचारल्यावर. “ती पाटी काढायलासुद्धा सवड नाही बघा. सासूबाईंचं करण्यात दिवस जातो.” मी पुढच्या जिन्यावरची, भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, असं सांगितलं, तर तिचा चेहरा पडला. “त्रास होतो ना तुम्हाला? मी यांना म्हणाले होते, भिंतीपलीकडे जाणार सगळं. त्यांची कॉट तिथेच आहे आणि त्या हलूच देत नाहीत. दिवसभर भिंतीला कान लावून बसतात. कुजबुजतात. सॉरी हं, अगदी सॉरी. पण आता थोडेच दिवस.”

“थोडेच दिवस म्हणजे?”

तिने आत पाहिलं, मग आवाज उतरवला. “त्यांना एका ठिकाणी ठेवतोय. चांगलं आहे, बाग आहे, नर्स आहेत. घरात नाही हो जमत आता. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. त्यांना ऐकू येतं ना…” तिने कपाळाला हात लावला आणि कसनुशी हसली. “भिंतीत एक बाई आहे म्हणतात, आणि ती आकडे सांगते. बरं, आकडे तरी काय, ना फोनचे ना कशाचे. रोज तेच. तीन शून्य एक शून्य. चार सात सात एक.”

“सहा नऊ नऊ शून्य,” मी म्हणाले. “आठ चार पाच एक.”

ती दाराची चौकट धरून खालीच बसली, तिथल्या तिथे, खोक्याला टेकून, आणि तोंडावर ओढणी धरून हसते आहे का रडते आहे ते मला कळेना. “म्हणजे खरंच…” ती म्हणत होती. “अहो, म्हणजे त्या खरंच… आणि आम्ही गोळ्या वाढवल्या.” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार हलकं वाटत होतं, आणि फार राग येत होता, आणि तो तिच्यावर नव्हता.

आतल्या खोलीत एक बारीकशी म्हातारी कॉटवर बसली होती, पाठ भिंतीला, डोकं एका बाजूला कललेलं. तिच्या श्वासाला मी दारातूनच ओळखलं, आत येताना जरा अडखळणारा. इतके दिवस माझ्या उशाशी होता तो. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “आजी, आकडे मीच म्हणते. पलीकडे मी राहते.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं, साडीपासून चपलांपर्यंत. सुनेने दारातून मोठ्याने सांगितलं, “ऐकलंत ना आई? तुमचं बरोबर होतं. ह्याच त्या.” म्हातारीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, “आकडे झाले की रडतेस ना गं रोज?”

“मी नाही रडत,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशी. मी तिच्याशी वाद घालणार होते. मी रडत नाही; मी नुसती बसते. पण कोण सांगणार? फ्रिज गुणगुणतो हे फ्रिजला थोडंच माहीत असतं? मी तिकडे बसून तिचा श्वास ऐकत होते, आणि ती इकडे बसून माझं जे ऐकत होती ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आईने ऐकलेली ती बाई मला आठवली, गोदामातली, कुलपाआडची. इतकी वर्षं मी फक्त एवढाच विचार केला होता की आईला खोटं ऐकू येत होतं. पलीकडे खरंच कोणी असेल तर तिचं काय झालं, रेडिओ लागल्यावर तिला काय वाटलं, हा विचार मला पहिल्यांदाच शिवला.

म्हातारीचा चेहरा एकाएकी बदलला. कपाळाला आठी पडली. तिने माझा हात सोडला, वळली, आणि भिंतीला कान लावला. “तू इथे आलीस,” ती म्हणाली. “मग तिकडे कोण आहे?”

“तिकडे कोणी नाही आजी. घराला कुलूप आहे. मीच लावलंय सकाळी.”

“आहे,” ती म्हणाली. “रडतेय. ऐक.”

सून दारात उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू ओसरलं, आणि तिने म्हातारीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. दादाच्या फोनमधल्या शांततेत ती होती, बाबांच्या मुठीत होती. समजूतदार, थकलेली, दोन शहाण्या माणसांनी एकमेकांना द्यायची नजर. तिला वाटत होतं मी खांदे उडवीन, आणि मग ती गोळ्यांची बाटली काढायला जाईल. मी चपला काढल्या, कॉटवर पाय घेतले, आणि म्हातारीच्या शेजारी माझा कान त्या भिंतीला लावला. भिंत गार होती. तिच्या पलीकडे माझा पलंग, टीप अर्धी राहिलेला अभ्रा, गुंडाळलेली वायर. बराच वेळ मी तशीच राहिले. म्हातारीचा श्वास माझ्या गालावर येत होता. जे ऐकू आलं ते मी मोजलं नाही, मोजायला यंत्रही आणलं नाही, आणि आणणारही नाही.

“आहे,” मी सुनेला म्हणाले. “मलाही ऐकू येतंय.”